उलटा फेरा

दादा, आपल्या विहिरीवर काकांनी लोखंडी जाळी बसवली. मागे बिबट्या पडला होता, त्याला वनखात्याच्या माणसांनी खाट सोडून वर काढलं, तेव्हापासून. उन्हाळ्यात मात्र जाळीचं दार उघडतात, कारण आपल्या महाळुंग्याची पोरं अजून तिथंच पोहायला शिकतात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या दिवसांत मुद्दाम तुम्हाला सांगावं असं काही नव्हतं, किंवा होतं आणि मी टाळत होते.

मला शिकवताना तुम्ही माझ्या कमरेला पांगाऱ्याचं वाळकं, तरंगणारं लाकूड बांधलंत आणि मागून ढकललंत. सांगून ढकललं असतं तर मी पायऱ्या चढून घर गाठलं असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. मग फेरे सुरू झाले. विहीर गोल, म्हणून पोहणंही गोल, आणि कायम डावीकडे वळत. डावीकडेच का, ते मी कधी विचारलं नाही. तुम्हालाही कुणी तसंच शिकवलं असणार. पुण्याच्या टँकवर पहिल्या स्पर्धेत शिट्टी झाल्यावर सगळ्या मुली सरळ गेल्या आणि मी डावीकडे. दोनदा पट्ट्याच्या दोरीवर आपटले, तिसऱ्यांदा दोरीखालून थेट शेजारणीच्या पट्ट्यात. झालं, बाद. तुम्ही वर बाकावर बसून अनोळखी माणसाला कौतुकानं सांगताय, "पोरगी अजून हिरीतच पवतीय, राव." मला इतका राग आला होता की मंचर येईपर्यंत एसटीत तुमच्याशी बोलले नाही.

सरळ पोहायला मला वर्ष लागलं. पुढे पुण्यात वसतिगृहात राहिले, जिल्ह्याला पहिली आले, राज्याला दोनशे मीटरमध्ये रौप्यपदक मिळालं. ते पदक तुम्ही गोठ्यात नेऊन गाईला दाखवलंत, आई अजून सांगते. आणि मग एक पंधरा वर्षांची मुलगी आली. एका हंगामात तिनं मला तीनदा हरवलं. तिसऱ्या वेळी मी भिंतीला हात लावला तेव्हा ती चष्मा काढून आरामात केस पिळत होती. त्या दिवशी मला पाण्याचीच शिसारी आली. सोडायचं ठरवलं, पण हरले म्हणून सोडते असं घरी सांगायची लाज वाटली.

आई भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर. मी म्हणाले, खांदा गेलाय, डॉक्टर पोहणं बंद करा म्हणालेत. कुठला डॉक्टर नि काय! खांदा ठणठणीत होता. मला वाटलं तुम्ही ओरडाल, एवढी वर्षं वाया घालवलीस म्हणाल. तुम्ही एवढंच विचारलंत, "कंचा?"

"उजवा," मी तोंडाला आलं ते म्हणाले.

तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात आणि बोटानं जमिनीवर हळूहळू गोल काढलात. "डावीकडं वळत ऱ्हायलं म्हंजी उजवा हात भाईरनं. त्योच जास्त वढणार. लहानपनापासनं मीच तुला एका अंगानं फिरवली. म्या खांदा घालवला तुजा."

"असं काय न्हाई व्हत वो," आई म्हणाली. नाही म्हणायला ती एकच वेळ होती आणि मी भाकरी मोडत बसले.

पुढचे दोन महिने रोज सकाळी तुम्ही तिळाचं तेल कोमट करून माझा तो धडधाकट खांदा चोळलात. "आराम पडला का गं?" आणि मी म्हणायची, थोडा. तेव्हापासून गावातल्या कुठल्याही पोराला तुम्ही एका अंगानं पोहू दिलं नाहीत. कठड्यावर उभे राहून ओरडायचात, "एक सुलटा झाला, आता उलटा फेरा मारा!" लोक हसायचे. मला हसू यायचं नाही.

आता मी ओतूरजवळच्या एका शाळेच्या टँकवर शिकवते. परवा आपल्या गावची एक मुलगी आली, नऊ-दहा वर्षांची, इकडे मामाकडे राहते. पाण्यात उतरल्यावर तिनं उथळ भागात आधी डावीकडून एक फेरा मारला, मग उजवीकडून एक, आणि मग काठाशी येऊन उभी राहिली. म्हटलं, हे काय? तर म्हणते, "उलटा फेरा मारावाच लागतो, बाई. न्हाईतर खांदा जातो. आमच्या गावात एकीचा गेलता, लई भारी पवायची ती."

तिच्या आईला तुम्ही शिकवलंत, आईनं तिला. मला काठावर बसूनच राहावंसं वाटलं. दादा, तुम्ही शेवटपर्यंत तो भार वाहिलात आणि तो माझा होता. मला माफ करा.

"तिचा अजून दुखतो का वो?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आधी पाण्यात दम धर, दहा आकडे. तिनं नाक दाबून बुडी मारली आणि मी म्हणाले, "नाही गं. कधीच दुखला नव्हता."

हा कागद मी शिट्टीच्या पिशवीत ठेवणार आहे, दुसरं कुठं ठेवू? एवढी वर्षं जे बोलले नाही ते एकदाचं तोंडानं बोलून झालं, असं लिहून थांबणार होते. पण तिचं डोकं पूर्ण पाण्याखाली जाईपर्यंत मी वाट बघितली होती.