तुसाच्या फळ्या

आये, मी आता डोंबिवलीच्या एमआयडीसीत भाताच्या तुसाच्या फळ्या करते. हसू नकोस. इपॉक्सी म्हणून एक राळ येते, मधासारखी घट्ट. तिच्यात हार्डनर घालायचा, सुकवून दळलेलं तूस मोजून घालायचं, ढवळायचं आणि साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी टणक फळी निघते. आधी तुसाच्या जागी काचेचा धागा असायचा. त्याची कुसळं कातडीत घुसायची, खाजवून खाजवून माझी मनगटं सोलून निघालेली. म्हणून तूस आलं तेव्हा मी खूश. गिरणीतलं तूस, बाळकुमला आपल्या अंगणात ढिगानं पडलेलं असायचं ते. यात मला कोण शिकवणार, असा माझा तोरा.

आमच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, इंजिनीअर झालेल्या. कारखाना म्हणजे एक गाळा, त्या आणि आम्ही तिघी बायका. नौपाड्यातल्या एका माणसाला बालवाडीच्या टेबलांसाठी फळ्या हव्यात. त्याला पाठवायच्या आधी मॅडम फळी पाण्यात भिजवून बघतात, मग दोन विटांवर आडवी ठेवून मधोमध बादली टांगतात आणि पाणी भरत जातात. पहिली फळी फुगली आणि अर्ध्या बादलीत मोडली. दुसरीही तशीच. मॅडम म्हणाल्या, "आता एकदाच बघू. नाहीतर तूस बंद, परत काचेचा धागा." मी मनगटं पदराखाली घेतली.

मोडलेला तुकडा हातात घेतला आणि मला तुझी चूल दिसली. शेजारच्या लग्नघरासाठी तू केलेली. मी दहा-अकरा वर्षांची. तू माती तुडवतेयस, तूस मुठीनं टाकतेयस, आणि मला खेळायला पळायचंय. "किती वेळ गं आये?" तू म्हणतेस, "थांब गो, मातीला कळू दे." चार दिवसांनी लग्नघरच्या बायका चूल न्यायला आल्या आणि उचलताना तिचा भांडं टेकायचा एक कानच निखळून पडला. सगळ्यांसमोर. तू तो तुकडा बोटांनी कुस्करलास, नुसतं तूस भुरभुरलं. "मध्ये मातीच नाय. कोण कोणाला धरणार?" एवढंच म्हणालीस. त्यानंतर तू मुठीनं तूस घातलं नाहीस. शेवटपर्यंत वाटी घेऊन बसायचीस, आणि वाटी भरली तरी परत बघायचीस.

माझ्या हातातल्या तुकड्यात तेच. तूस सुटं, मध्ये राळ नाही, आणि घावनासारखी जाळी पडलेली. मॅडम वहीत डोकं घालून बसलेल्या. म्हणाल्या, "मावशी, माझंच प्रमाण चुकतंय बहुतेक. मला हे जमणारच नाही." त्यांचा चेहरा, आये, वाटी हातात घेतलेल्या तुझ्यासारखा. मला बघवेना.

"तुमचं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. "मी तूस जास्त टाकलं. पातळ वाटलं म्हणून दोन मग भरून वरून ओतलं. आणि भट्टीत सुकवलं नाही, सरळ गोणीतलं घेतलं."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"मग वहीत बरोबर माप कसं लिहिलंत?"

"बरोबर लिहायचं असतं म्हणून लिहिलं."

त्यांनी वही मिटली. मग ओरडल्या, चांगल्याच ओरडल्या. मीही म्हटलं, "ओरडा, पण काचेचा धागा नको." शेवटी म्हणाल्या, "उठा, भट्टी लावा. आणि चार तास भट्टीसमोरून हलायचं नाही." माझ्यासारखीला चार तास बसवणं म्हणजे काय, तुला माहीत आहे. बसले. तूस कोरडं खडखडीत झालं. मग तीन फळ्या केल्या: एक नुसत्या राळेची, एक मापाच्या तुसाची, एक माझ्या हाताची, वरचे दोन मग घालून. माझी आधी मोडली. नुसत्या राळेची मोडली नाही, पण चांगलीच वाकली. मापाची फळी मात्र बादली काठोकाठ भरली तरी ताठ. पाण्यातही फार फुगली नाही. मॅडम लहान पोरीसारख्या टाळ्या पिटायला लागल्या.

आज ती फळी नौपाड्याला गेली. निरोप यायचाय, पण मला वाटतं जमेल. माझी मनगटं भरत आलीत.

हे पत्र कुठे टाकू? आपल्या अंगणाच्या जागी आता टॉवरचं गेट आहे, वॉचमन विचारेल, कोणाकडे जायचंय. राहू दे माझ्याच पिशवीत. पण मॅडमना सांगितलं तसं तुला आधी सांगायला हवं होतं. त्या चुलीच्या दिवशी तू पाणी आणायला गेलीस तेव्हा माती लवकर आळावी म्हणून सूपभर तूस मी ओतलेलं. तुझी मूठ चुकली नव्हती, आये.