भाल्याला न्याय

४ जानेवारी, शनिवार
व्हर्लिनचा वीट आलाय. कित्येक वर्षं माझ्या तळघरात बसून माझीच बिअर पितो, आणि आमच्या फाशांवरच्या लुटुपुटूच्या लढायांत दर वेळी त्याच्या वीराच्या हातात तीच लांब तलवार. का? तर तलवारीच्या घावाला आठ बाजूंचा फासा मिळतो, भाल्याला सहाच बाजूंचा. हिशेबी मेला! शाळेत मिस टोलेफ्सन भाल्याची कविता म्हणायच्या, तेव्हा अंगावर काटा यायचा. अजून येतो. मी खेळाचा सूत्रधार. राक्षस माझे, नियमही माझे. भाल्याला न्याय देणारच.

६ जानेवारी
नियम तयार. भालेवाल्याचा वार आधी. तो लागला, की त्या फेरीत तलवारवाल्याला जवळ येता येणार नाही. अत्यंत निःपक्षपाती. व्हर्लिनची जिरणार.

९ जानेवारी
फोनवरून सगळ्यांना नियम ऐकवला. आर्डिस म्हणाली, लवकर आटप, माझं जेवण करपतंय. (खेळाला येताना चीज आणते. बाकी उपयोग शून्य.) व्हर्लिन म्हणाला, कविराज, पक्कं ना? मागाहून रडायचं नाही हं. म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ. हादरला बिचारा.

१० जानेवारी
बाहेर बर्फ. उद्या माझा सगळ्यात मोठा राक्षस, दलदलीचा राजा, खेळात काढणार. माझ्या डोक्यावर केस होते तेव्हापासून अजिंक्य. व्हर्लिनला लोळवल्यावर राजा जी कविता म्हणेल, ती लिहिली. बारा कडवी. वाचताना मीच रडलो.

११ जानेवारी, दुपार
तिघांचेही वीर भाले घेऊन आले. नीच!
राजाकडे तलवार आहे. राजाला तलवारच शोभते, त्यात माझं काय चुकलं? दर फेरीत भाले आधी लागले. राजा चिखलात उभाच. व्हर्लिन चीज चघळत म्हणाला, या ना राजेसाहेब, लाजता काय? राजा पडला. मी तरी पहिलं कडवं सुरू केलं. आर्डिस म्हणाली, मेलेला बोलत नसतो रे.
नियम तात्काळ रद्द, असं मी जाहीर केलं. तिचा नवरा ओर्लो वर्षानुवर्षं फक्त खातो. तो म्हणाला, सूत्रधार बदला. तिघांचे हात वर. माझ्याच तळघरात!

१२ जानेवारी
बरंच झालं. व्हर्लिनला एक कविता पाठ नाही. आठवड्यात पाय धरतील. अख्ख्या विस्कॉन्सिन राज्यात माझ्यासारखा सूत्रधार दाखवा.

१८ जानेवारी, शनिवार
व्हर्लिन माझ्या खुर्चीत. पाय कोणी धरले नाहीत. त्याने जुनेच नियम आणले: तलवारीला आठ, भाल्याला सहा. मग विचारलं, कविराज, तुझ्या वीराला काय देऊ? भालाच ना?
तिघंही माझ्याकडे बघत होते.
तलवार घेतली. लांब.