पुरवून घेतलेलं औषध

अगं,

आईला घेऊन मोठ्या दवाखान्यात जातोय. बाथरूममध्ये तिला चक्कर आली, पण बेसिनला धरून राहिली म्हणून पडली नाही. रिक्षात स्वतःच्या पायांनी जाऊन बसेन म्हणते, तेव्हा घाबरून जाऊ नकोस. माझ्या फोनचं रिचार्ज या महिन्यात आपणच टाळलं, म्हणून ही चिठ्ठी.

चारला छोटीला शाळेतून आण. कपाटातली मुदत ठेवीची पावती काढून ठेव. काही झालं तरी ती मोडायची नाही असं मीच बजावलं होतं, ते आता विसर.

डॉक्टरांना दाखवायला फ्रिजमधून तिचं इन्सुलिन काढलं. चालू बाटली एव्हाना संपायला हवी होती. ती निम्मी भरलेली आहे, आणि मागे गेल्या महिन्याची एक न फोडलेली. विचारलं तर म्हणाली, "पुरवून पुरवून घेतेय रे. अर्ध्यात भागतं." जसा काही कपड्यांचा साबणच आहे. मी तिच्यावर ओरडलो. ओरडायला नको होतं.

कारखान्यात आठवड्याला तीनच दिवस काम उरलंय हे तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. तू बोलली नसशील, मला ठाऊक आहे. मीही नाही. कधीपासून अर्धं घेतेस, एवढं मी तिला विचारलं. चप्पल शोधता शोधता म्हणाली, "तुम्ही दोघं दार लावून बोलायला लागलात, तेव्हापासून."