डावीकडचं स्टिअरिंग

जिनोआ, ६ मे २०१४

सरूअक्कास सिंधूचा नमस्कार.

आम्ही खुशाल आहोत. कोमोचं तळं बघून आज समुद्रावर आलो. गाडी हेच चालवतात.

इथं स्टिअरिंग डावीकडं असतं, म्हणून मी ह्यांच्या उजवीकडं बसते. अक्का, काही बोललं की हे लगेच उत्तर देतात. आपल्याकडं मी डावीकडं बसून खुलताबाद ते बिडकीन बोलत यायची, तर हूं नाय की चूं नाय. किती वर्षं रुसले मी. ह्यांचा डावा कानच गेलाय. काल कबूल केलं.

दाजींच्या गुडघ्याला आराम आहे का?

आल्यावर कानाच्या डॉक्टरला दाखवूच. पण गाडी आता मी शिकणार. हे शेजारी बसले की चांगला कान माझ्याकडं राहील.

तुझी बडबडी,
सिंधू