जांभळाखालची सात माणसं

प्रति,
मा. मुख्याधिकारी तथा वृक्ष अधिकारी,
नगर पंचायत, बोरमाळ, जि. वाशिम.

अर्जदार : फय्याज शेख, वय ६९, धंदा गाद्या-रजया भरणे, वॉर्ड क्र. ४.

विषय : अंगणातील जांभळाचे झाड न तोडणेबाबत व अर्जदाराच्याच तक्रारीतील खोटी माहिती दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची तक्रार, दि. २ जुलै २०२५. २) आपली झाड तोडण्याची नोटीस, दि. ११ ऑगस्ट २०२५.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या अंगणातील जांभूळ उद्या सकाळी तोडले जाणार आहे. 'झाड धोकादायक आहे' ही तक्रार खुद्द अर्जदाराचीच आहे आणि ती खोटी होती. असे उघड लिहू नये, अंगलट येईल, असे अर्जलेखिकेने दोनदा समजावले. अर्जदार ऐकत नाहीत, सबब लिहिले आहे.

२. हे झाड अर्जदाराच्या पत्नी मेहरबी यांनी लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात कामरगावहून, माहेरून, डब्यात घालून आणले. जानेवारी २०२१ मध्ये त्या वारल्या. त्याच जूनमध्ये एक फांदी खरोखर मोडली व अर्जदाराने पहिली तक्रार केली. आपल्याकडील उद्यान कर्मचारी श्री. फुलसिंग पाहणीस आले. त्यांनी फांदी साफ कापली, बुंध्याशी साचलेला ओला पालापाचोळा दूर सारला, कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याचा लेप दिला. मग चहा घेतला व दोन तास बसले. पत्नी गेल्यानंतर त्या घरात इतका वेळ बसलेला तो पहिला माणूस.

३. पुढच्या पावसाळ्यात झाडास काहीही झालेले नव्हते. तरीही अर्जदाराने तक्रार केली. त्याच्या पुढल्या वर्षीही केली, त्याच्याही पुढल्या वर्षी केली. फुलसिंग दर वेळी आले, बुंध्यावर हात फिरवला, 'झाड सुस्थितीत' असे लिहिले आणि चहा प्याले. त्यांना सगळे कळत होते, पण त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. तक्रारीचे खरे कारण अर्जलेखिकेने विचारले असता अर्जदार टोपीची घडी घालत म्हणाले, "मले करमत नाई, बाई." सरकारी मराठीत हे कसे बसवावे ते न सुचल्याने जसेच्या तसे दिले आहे.

४. यंदा मे अखेर फुलसिंग सेवानिवृत्त झाले, हे अर्जदारास ठाऊक नव्हते. त्यांनी नेमाने तक्रार दिली, अद्रक आणून ठेवले आणि वाट पाहिली. कोणी आले नाही. यंदाची झड लांबली, दिवसचे दिवस ऊन नाही, भिंतींनाही बुरशी आली. अशात जुन्या फांदीच्या खुणेपाशी अर्जदारास बारीक चीर दिसली. विचारायला कोणी नव्हते. चाळीस वर्षे ज्या माणसाने लोकांची थंडी कापसाने घालवली, त्याला दुसरे काय सुचणार? त्यांनी दोन किलो कापूस पिंजून चिरेवर बसवला, वरून मेहरबींची जुनी रजई गुंडाळली आणि गादीला मारतात तसे टाके घातले. पावसात झाडाला बरे वाटेल, अशी त्यांची समजूत.

५. दि. १३ ऑगस्ट रोजी रजई सोडली. आतला कापूस ओला गच्च, साल लिबलिबीत, वर पांढरी अळंबी. खोटी तक्रार अर्जदाराने स्वतःच्या हाताने खरी केली होती. त्याच दुपारी, कोणीही पाहणीस न येताच, झाड तोडण्याची आपली नोटीस आली. दुसऱ्या दिवशी अर्जदार जीपने रिसोडला फुलसिंग यांच्या घरी गेले. ते म्हणाले, "चाचा, झाडाले थंडी नाई वाजत. त्याले उघडं ठेवा, हवा लागू द्या." सांगितल्याप्रमाणे सडलेली साल टणक लाकडापर्यंत खरवडली, लेप दिला, बुंध्याची माती मोकळी केली. आता जखमेच्या कडा सुकल्या आहेत. वर दोन लाल कोवळी पाने फुटली आहेत. अर्जदार ती दिवसातून किती वेळा पाहतात, हे लिहायची गरज नाही.

६. तरी विनंती की, करवत लावण्यापूर्वी कोणीतरी प्रत्यक्ष यावे व बुंध्यावर हात ठेवून पाहावे. धोका आढळल्यास अर्जदार आडवे येणार नाहीत. चहा घेतलाच पाहिजे अशी अट नाही.

७. शेवटची दुरुस्ती. तक्रारीच्या नमुन्यात 'धोका असलेल्या व्यक्तींची संख्या' असा रकाना आहे. तेथे अर्जदाराने पाचही वर्षे 'सात' लिहिले, कारण रेशनकार्डावर सात नावे आहेत. वस्तुस्थिती अशी की, थोरला अरसलान, सून तहसीन आणि दोन नातवंडे सुरतेस असतात, धाकटा उजैर पुण्यास, आणि मेहरबी कब्रस्तानात आहेत. सबब 'सात' खोडून 'एक' करावे. त्या एका व्यक्तीची या झाडाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.

उद्या सकाळी सहापासून दारात उभा असलेला,
आपला नम्र अर्जदार,
(सही) फय्याज शेख
बोरमाळ, दि. २५ ऑगस्ट २०२५

अर्ज लिहिणार : विजयमाला, अर्जलेखिका, तहसील कार्यालयासमोर. (उद्या सकाळी त्याही चहाला जाणार आहेत.)

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) श्री. फुलसिंग यांच्या चार पाहण्यांच्या प्रती.
३) मेहरबी यांचा मृत्यू दाखला. यापूर्वीच्या एकाही अर्जास तो जोडलेला नव्हता.