गळ्याचं बटण

रविवार, १८ एप्रिल १९९९. लातूर.

आज रशीदभाईंना मीच नाही म्हणालो. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे नंतर सारवासारव करता येणार नाही.

आमच्या इतिहासप्रेमी मंडळाची ठासणीच्या बंदुकांची स्पर्धा होती. निजामाच्या शिपायांसारखा लोकरी कोट घालायचा आणि शेवटच्या बारापर्यंत गळ्याचं बटण लावलेलंच ठेवायचं, असा नियम. पंच मी. ऊन रणरणत होतं. दोन बार उरले असताना रशीदभाई म्हणाले, "सर, वरचं बटण काढू का? जीव घाबरून राहिला."

"नियम आहे, भाई. दोनच तर राहिलेत."

भूकंपात ते पहाटेपासून दुपारपर्यंत मातीखाली होते. तेव्हापासून गळ्याशी काही आवळलेलं त्यांना सोसत नाही. हे मला माहीत होतं. होतं ना?

पुढचा बार उडवून ते खाली बसले, ते आडवेच झाले. ते बटण शेवटी मी ओढून तोडलं.

दवाखान्यात सलाईन लावल्यावर शुद्धीवर आले. टेलर माणूस, आमचे सगळे कोट त्यांनीच शिवलेले. हसून म्हणाले, "सर, तुमच्याजवळचा तो जुना फोटो हिवाळ्यातला असंल. उन्हाळ्यात शिपाई लोकर घालून मरत व्हते काय?"

क्लासमध्ये पोरांना रोज सांगतो, प्रश्न आधी नीट समजून घ्या. आणि इथे एका फोटोवरून नियम करून बसलो.

उद्या बैठकीत सुती कोट आणि मोकळा गळा मांडणार आहे. कुणीतरी विचारेलच, भाईंनी आधी सांगितलं नव्हतं का?

सांगितलं होतं, म्हणेन. मला.