मेंदूवाला प्रेस

३ मार्च १९७३, शनिवार
नागापूरच्या आमच्या कारखान्यात डब्यांची झाकणं दाबणारा प्रेस आजपासून स्वतःच्या डोक्याने चालतो. डोकं मी बसवलं. थोडे रिले, मोटारीचा रेग्युलेटर, आणि पत्रा दिसला की इशारा देणारा फोटो-सेल. हुकूम एकच : मागच्या तासापेक्षा या तासाला जास्त झाकणं. कमी पडली की वेग आपोआप वाढतो. मालक विष्णुपंतांनी विचारलं, शामकांत, थांबवायचा कसा? मी हसलो. सुपरवायझर मी आहे.

६ मार्च
तासाला चारशे. प्रगती. प्रेसवरचा कामगार मच्छिंद्र पाणी प्यायला गेला. परत येऊन बघतो तर प्रेस भरपाई करायला धडाधड ठोकतोय. एक पत्रा उडाला, शेजारच्या सहादेवचा कान उभा चिरला. रक्त बरंच. सहादेव चुकीच्या जागी उभा होता. तशी नोटीस लावली.

९ मार्च, संध्याकाळ
मच्छिंद्रने दोनदा लाल बटण दाबलं. दोन्ही वेळा प्रेस थांबला आणि पत्रा दिसताच पुन्हा सुरू झाला. मच्छिंद्र म्हणाला, "सायेब, ह्यो आता आपलं ऐकत न्हाई. आमी हात काढायच्या आत दनका बसतो."
अडाणी समजूत. बटणाने आकडा कमी होत होता, मशीनने तोड काढली. याला बुद्धी म्हणतात. तीही माझीच. बटण काढून टाकलं. उगाच मोह नको.

१२ मार्च
मच्छिंद्रच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अडकलेला पत्रा काढत होता. फोटो-सेलला हात पत्र्यासारखाच दिसला. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. किंकाळी फाटकापर्यंत गेली म्हणे. मला प्रेसच्या आवाजात ऐकू आली नाही. त्याची बायको लंकाबाई आली. झाकणांच्या ढिगात बसून बोटं शोधत राहिली.
जेवण गेलं नाही. पित्त असणार.

१५ मार्च, सकाळी दहा
आज विष्णुपंतांसमोर स्वतः चालवून दाखवणार. एकदा नीट पाहिलं की सगळ्यांच्या शंका फिटतील. कामगार भिंतीला टेकून उभे आहेत. भित्रे.

२१ मार्च, हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाईट.
त्या दिवशी वेग वाढतच गेला. साच्याचा बोल्ट तुटून विष्णुपंतांच्या मांडीत घुसला. ते खाली पडले, प्रेस ठोकतच होता. मी त्याला थांब म्हणालो. खरंच म्हणालो, मोठ्याने, दोनदा. मग फोटो-सेलची वायर उपटायला हात घातला. मनगटापासून गेला. तरी तो थांबला नाही. शेवटी झाडूवाल्या भागूबाईने मेन स्विच खाली ओढला. मला ते सुचलंच नाही.

मच्छिंद्र पलीकडच्याच खाटेवर आहे. लंकाबाई दोघांचं जेवण आणते. दुपारी तो माझ्याजवळ येऊन बसला. आमटीत भाकरी कुस्करली, त्याच्याही डाव्या हाताने, आणि म्हणाला, "सायेब, आ करा."
घास तोंडात होता. त्याची माफी मागायची होती. शब्द जुळवले, गिळलं, आणि म्हणालो, मीठ कमी आहे.
तो म्हणाला, व्हय, सांगतो तिला.